ओढण्याआधी

हातभर सुतळी घ्या. सुतळी नसेल तर बुटाची नाडी चालेल, जुन्या परकराची नाडी मिळाली तर उत्तम. नायलॉनची दोरी नको. ती गुळगुळीत असते, तिच्यात गाठ फार वेळ रमत नाही. जमिनीवर, खुर्चीत, जिन्याच्या पायरीवर, जिथे सोयीचं असेल तिथे बसा. हे मनन बोटांनी करायचं आहे, त्यामुळे मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही.

आता सुतळीच्या मधोमध एक साधी गाठ घाला. लहानपणी पहिली शिकलात तीच: एक फेरा, त्यातून टोक बाहेर. ओढू नका. करंगळी आतून जाईल इतकी सैल राहू द्या.

बघा तिच्याकडे. सुतळीत तुम्ही नवीन काय घातलंत? वजन तेवढंच आहे. उलगडून मोजली तर लांबीही तेवढीच भरेल. तरी मघाशी नव्हतं असं काहीतरी आता तिथे आहे आणि तीन वर्षांचं पोरही ते बोटाने दाखवू शकेल. आता दोन्ही हातांनी चिमटीत धरून ती गाठ हळूहळू डावीकडे सरकवा. सैल गाठ दोरीवरून चालते. वीतभर चालली की थांबा. सुतळीच्या ज्या तुकड्याची ती बनली होती तो आता मागे सरळ, मोकळा पडलाय. पुढचा तुकडा आत आलाय. गाठ तीच आहे, की दुसरी? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. या प्रश्नापाशी मिनिटभर बसा, मग पुढे जाऊ.

या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकात एका मोठ्या माणसाला भुरळ घातली होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. 1867 मध्ये त्यांनी कल्पना मांडली, की विश्वभर ईथर नावाचा द्रव भरलाय आणि अणू म्हणजे त्या ईथरमधले भोवरे, गाठी पडलेले. एक प्रकारची गाठ म्हणजे एक मूलद्रव्य, दुसऱ्या प्रकारची म्हणजे दुसरं. पदार्थ वेगळा नाहीच. जे आहे ते एकच आणि त्याला पडलेल्या गाठी तेवढ्या निरनिराळ्या. आपल्याकडच्या एखाद्या वेदान्त्याला हे ऐकून हसू आलं असतं, किंवा डोळे पाणावले असते. थॉमसन यांचे मित्र पीटर टेट यांनी मग गाठींची जंत्रीच करायला घेतली. ईथर पुढे भौतिकशास्त्रातून बाद झाला. अणूंचंही वेगळंच निघालं. टेट यांची जंत्री मात्र उरली आणि तिच्यातून गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली.

या गणितातली एक अट मला फार आवडते. तिथे गाठ घातली की दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची असतात. कारण टोक मोकळं असेल तर कितीही अवघड गाठ शेवटी सुटतेच, आणि मग ती गणिताच्या हिशेबी गाठ उरतच नाही. तुमच्या हातातल्या सुतळीची टोकं मोकळी आहेत. एवढं लक्षात असू द्या.

अशा जंत्र्यांची एक गंमतही आहे. त्यांच्यात दोन गाठी वेगवेगळ्या म्हणून कित्येक दशकं शेजारीशेजारी छापल्या जात होत्या. 1974 मध्ये केनेथ पेर्को या, गणितातली टोपॉलॉजी शिकलेल्या, न्यूयॉर्कच्या वकिलाने दाखवून दिलं की त्या दोन्ही एकच आहेत. दोरी जरा इकडून तिकडे फिरवली की हिची ती होते. हे वाचल्यावर मला आमच्या नात्यातली दोन भांडणं आठवली. एक पाटल्यांवरून झालेलं, दुसरं बारशाचं आमंत्रण न आल्यावरून. वीस वर्षं आम्ही ती दोन म्हणून सांभाळली होती.

आता ओढा. दोन्ही टोकं धरून, एकदम नको, थोडं थोडं. करंगळीएवढं भोक मुगाएवढं होईल, मग नाहीसंच होईल. शेवटच्या क्षणी सुतळी कुरकुरल्यासारखी वाटेल. तिथे लक्ष द्या. ती सुतळी आता स्वतःलाच घट्ट धरून बसली आहे. खिळा नाही, डिंक नाही. एका भागाने दुसऱ्यावर दाब दिलाय, दुसऱ्याने पहिल्यावर, आणि तुम्ही बाहेरून जितकं ओढाल तितका तो दाब वाढणार आहे. तिला बळ मिळतं ते ओढणाऱ्याकडून.

हे बळ किती असतं, ते गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच धक्क्याला लागते तेव्हा बघावं. खलाशी उडी मारतो, दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला तीन-चार वेढे देतो आणि टोक एका हातात धरून पाहिजे तर दुसऱ्या हाताने तंबाखू मळत उभा राहतो. पलीकडे माणसांनी भरलेली लाँच लाटांवर हिसके देतेय आणि हा गडी निवांत. यामागचं गणित ऑयलर या गणितज्ञाच्या नावावर आहे: दर वेढ्याला पकड वाढते ती बेरजेने नाही, गुणाकाराने. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर पुऱ्या तीन वेढ्यांत पकड सुमारे 285 पट होते. म्हणजे खलाशाने दहा किलोचा जोर लावला की पलीकडे पावणेतीन टनांहून जास्त ओढ थोपवली जाते. तुमच्या सुतळीतल्या त्या मुगाएवढ्या गाठीत हेच चाललंय. वेढे छोटे आणि खुंट म्हणजे तीच सुतळी, एवढाच फरक.

थोडं थांबा. हात सैल सोडा.

गाठींचे प्रकार असंख्य आहेत. क्लिफर्ड अ‍ॅश्ली नावाच्या अमेरिकन माणसाने 1944 मध्ये त्यांचा एक ग्रंथ छापला, त्यात 3,800 च्या वर नोंदी आहेत. आपल्या घरात मात्र दोनच जाती मानतात: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ म्हणजे बसली ती बसली. सुरगाठ म्हणजे एक टोक धरून ओढलं की सुर्रकन मोकळी. मला वाटतं या दोन जातींत बाकीचा सगळा ग्रंथ बसतो. कारण गाठीविषयी विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो, की हिला पुढे कधी सोडायचंय की नाही, आणि तो बांधतानाच विचारायचा असतो.

शाळेत जाणाऱ्या पोराच्या चड्डीच्या नाडीला घाईत निरगाठ बसली म्हणजे काय प्रलय होतो, हे ज्या घरात नाडी होती त्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. गोठ्यात हा प्रश्न याहून गंभीर. जनावराचं दावं खुंट्याला बांधताना गाठ अशी घालतात, की बैलाने कितीही मान उडवली तरी ती सुटू नये, पण रात्री गोठ्यात आग लागली, जनावर पाय अडकून पडलं, तर माणसाला एका हिसक्यात सोडता यावी. अंधारात, घाबरलेल्या बोटांनी. गाठ मारणाऱ्याने जनावराची ताकद आणि आपली घाई या दोन्हींचा हिशेब एका वेढ्यात केलेला असतो.

हातातल्या सुतळीने करून बघा. उजवं टोक डाव्यावर, एक फेरा. मग डावं टोक उजव्यावर, दुसरा फेरा. ओढा. दोन्ही टोकं दोरीच्या अंगालगत, सरळ, शहाण्यासारखी बसतील. स्काउटमध्ये हिला रीफ नॉट म्हणतात. आता सोडून पुन्हा: उजवं डाव्यावर आणि परत उजवंच डाव्यावर. टोकं आडवी उभी राहतील, गाठ तिरपी दिसेल. ही घसरणारी. बुटाची नाडी चालता चालता का सुटते, यावर बर्कलीच्या संशोधकांनी 2017 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गुरुत्वाच्या सुमारे सात पट जोराचा दणका बसतो, त्याने गाठीचं मन ढिलं होतं, आणि पाय हवेत असताना लोंबती टोकं झोके घेत तिला ओढत राहतात. बराच वेळ काही होत नाही. मग एकदा सैल व्हायला लागली की दोन-चार पावलांत सगळं उलगडतं. दुसऱ्या जातीची, तिरपी, लवकर. ज्यांच्या नाड्या रोज सुटतात त्यांनी दुकानदाराला दोष देण्याआधी आपली गाठ तिरपी बसते का ते पाहावं.

किराणा दुकानातला तो दोरा आठवतोय का? छताला टांगलेलं रीळ, त्यातून खाली आलेला पांढरा दोरा. दुकानदार कागदाच्या पुड्यावर तो दोनदा आडवा, दोनदा उभा फिरवायचा, बोटाभोवती वेढा घेऊन झटक्याने तोडायचा आणि गाठ कधी पडली ते दिसायचंही नाही. घरी आल्यावर आजी ती गाठ सोडायची. कात्री लावू द्यायची नाही. दोरा बोटांवर गुंडाळून त्याची लडी करायची आणि डब्यात टाकायची. आता पिशवीला उष्णतेने चिकटवलेलं तोंड असतं, ते आपण दातांनी फाडतो. बोटांची एक समज त्या बाबतीत मागे पडली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. प्लॅस्टिकपेक्षाही जास्त.

ती गाठ आजी कशी सोडायची ते सांगतो, कारण या मननाचा कणा तोच आहे. तुमच्या सुतळीत आता निरगाठ घाला, दोन-तीनदा, एकीवर एक, आणि जोर लावून घट्ट करा. झाली? आता सोडायची.

पहिली ऊर्मी टोकं ओढण्याची येईल. ती येऊ द्या आणि जाऊ द्या. टोक ओढलं की काय होतं ते मघाशी पाहिलंच. गाठ आधी अंगठा आणि तर्जनीत धरून नुसती मळायची, कणीक तिंबताना एखादी गुठळी मोडतो तशी. आत अडकलेल्या तंतूंना जरा हलायला जागा होते. मग उजेडात धरून बघायचं, की सगळ्यात वर आलेला फेरा कोणता. जो सर्वांत शेवटी घातला गेला, तो वर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची सुतळी गाठीच्या दिशेने आत ढकलायची. लक्ष द्या, आत. सुटावी म्हणून बाहेर ओढायचं सोडून आपण आणखी दोरी आत पाठवतोय. बोटांना हे उलटं वाटतं. पण दोन-चारदा ढकललं की वरचा फेरा केसभर उचलला जातो, त्यात दाभणाचं किंवा केसाच्या आकड्याचं टोक घालायचं आणि हळू वर घ्यायचं. सुती दोरी ओली असेल तर आधी वाळू द्यायची, कारण भिजलेलं सूत फुगतं आणि गाठ आणखी आवळते. गळ्यातल्या नाजूक साखळीचा गुंता असेल तर थेंबभर तेल आणि दोन टाचण्या. आणि सगळ्यांत आधी, कुणी घाई करत असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवायचं.

आत्ता तुमची गाठ सुटली नसेल तरी चालेल. मांडीवर ठेवा ती.

सुतारकामातली गाठ कुणी घातलेली नसते. फळीत डोळ्यासारखा काळसर गोल दिसतो, तिथे एकेकाळी फांदी होती. झाड जाड होत गेलं तसं त्याने फांदीचं बूड आपल्या पोटात घेतलं. फांदी जिवंत असताना खोडाने तिला कवेत घेतलं असेल तर लाकडाचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि ती गाठ फळीइतकीच, किंबहुना जास्त कठीण होते. फांदी आधी वाळून गेली असेल तर खोड तिच्याभोवतीनं वाढतं खरं, पण तिच्यात मिसळत नाही. अशी गाठ पुढे फळी सुकली की बुचासारखी निखळून पडते आणि भोक राहतं. रंधा मारताना सुतार गाठीपाशी आला की हात थांबवतो. तंतूंची दिशा तिथे वळलेली असते, सरळ रेटलं तर लाकूड ओरबाडून निघतं. तो फळी फिरवून दुसऱ्या अंगाने येतो, पातं जरा वर घेतो. गाठ काढून टाकायचा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. कुठे सोडणार तिला? ती म्हणजेच तिथलं झाड.

या एका गाठीपाशी तुमच्या मनात काही आलं असेल तर ते तिथेच राहू द्या. मी विचारणार नाही.

आपल्याकडच्या अध्यात्माने गाठीची जरा जास्तच बदनामी केली आहे, असं माझं मत आहे. मुंडकोपनिषद हृदयातली ग्रंथी तुटण्याची गोष्ट करतं. हठयोगात ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी, रुद्रग्रंथी अशा तीन गाठी ओलांडायच्या असतात. जैन मुनींना निर्ग्रंथ म्हणतात, म्हणजे ज्याच्या सगळ्या गाठी सुटल्या तो. सगळीकडे एकच सूर: गाठ वाईट, मोकळं चांगलं. आणि त्याच परंपरेत बारशापासून पुढे प्रत्येक प्रसंगी आपण काही ना काही बांधतच असतो. जानव्याला ब्रह्मगाठ. मुहूर्ताला कंकण. अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा. ज्याला अंत नाही त्याचं व्रत करायचं आणि दंडाला मोजून चौदा गाठी बांधायच्या, हे मला तरी विसंगत वाटत नाही. मोकळ्या आकाशाला धरायला हात कुठे ठेवणार? गाठीवर बोट ठेवता येतं.

बायका पदराच्या टोकाला गाठ मारायच्या ती दोन कामांसाठी. एक, आत चार आणे असायचे. दुसरं, काहीतरी लक्षात ठेवायचं असायचं. गाठ मारताना मनाशी म्हणायचं, की परत आल्यावर दळण आणायचंय. संध्याकाळी पदर खोचताना बोटाला गाठ लागली की दळण आठवायचं. गाठीत दळणाचं काही नव्हतं. खूणगाठ म्हणतात ती हीच.

याच खूणगाठीवर एका साम्राज्याने आपला सारा कारभार चालवला. दक्षिण अमेरिकेतले इंका. अँडीज पर्वताच्या लांबीने सुमारे 4,000 किलोमीटर पसरलेलं राज्य, आणि आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपी नाही. होत्या त्या दोऱ्या. एका जाड दोरीला शेकड्याने बारीक दोऱ्या लोंबणाऱ्या, रंगीत, कापसाच्या किंवा लामा-अल्पाकाच्या लोकरीच्या, आणि त्यांच्यावर गाठी. खिपू म्हणतात त्याला. किती मका कोठारात आला, कोणत्या गावातून किती माणसं कामाला आली, सगळं त्यात. 1912 मध्ये लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने त्यातले आकडे वाचून दाखवले. पद्धत दशमान होती. दोरीच्या तळाशी एकं, त्याच्या वर दहं, त्याच्या वर शतं. दोन ते नऊपर्यंतच्या एककासाठी लांबट गाठ, जितके फेरे तितका आकडा. एकासाठी इंग्रजी आठच्या आकाराची वेगळी गाठ, कारण एका फेऱ्याची लांबट गाठ म्हणजे साधी गाठच झाली असती आणि ती दहंशी गोंधळली असती. आणि शून्यासाठी काहीच नाही. त्या जागी दोरी मोकळी सोडलेली.

डोळे मिटून एवढं करून बघा: एक दोरी, अंगठा-तर्जनीतून हळूहळू खाली सरकतेय. वर तीन गाठी. मग बराच वेळ गुळगुळीत. मग एक लांबट, पाच फेऱ्यांची. तीनशे पाच. ते मधलं गुळगुळीतपण बोटांना आकड्यासारखं कळतं का?

स्पॅनिश आले 1532 मध्ये. पाद्र्यांनी आधी या दोऱ्या पापांची कबुली मोजायलाही वापरू दिल्या. मग 1583 मध्ये लिमाच्या धर्मसभेने त्यांत मूर्तिपूजा आहे असं ठरवून त्या जाळून नष्ट करायचा हुकूम काढला. उरलेल्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आकड्यांचे वाचता येतात. कथा, वंशावळी, राजांचे पराक्रम ज्यांत होते असं सांगतात, ते आजतागायत कुणाला वाचता आलेले नाहीत. त्यांतली एकही गाठ सोडवून उपयोग नाही. सोडवली की पुसली गेली. तेव्हा सगळ्या गाठी सोडवायला निघालेल्या साधकाला मी आधी खिपूच्या काचेसमोर उभं करीन.

एका गाठीचं मनन करू नका. अंगातल्या.

आंघोळ करताना काखेत, मानेला, छातीत हाताला काही लागतं, आणि पुढचे पंधरा दिवस माणूस त्यावर मननच करत बसतो. दुखत नाही म्हणजे काही नसेल. दुखतं म्हणजे काही नसेल. नुसतं चाचपायचं. बायका तर याबाबत कहर करतात, घरातलं सगळ्यांचं झाल्यावर मग आपलं. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती कसली हे बोटांना कळत नाही, डॉक्टरांच्या तपासणीला कळतं, आणि न दुखणारी नवी गाठ ही तर आवर्जून दाखवायची गोष्ट आहे. इथे थांबण्यात शहाणपण नाही.

या शब्दाची भीती महाराष्ट्राच्या अंगात जुनी आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे रोगी वाढले, त्यांच्या जांघेत आणि काखेत गाठी येत होत्या. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. गाठीचा ताप हे नाव मग घरोघर पोचलं. गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहिली. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच तापाने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. गाठ आली की माणूस गेला, असा हिशेब ज्या घरांनी केला त्यांच्या नातवंडा-पतवंडांना डॉक्टरच्या तोंडून हा शब्द ऐकताना आजही पोटात खड्डा पडतो. तो पडणारच. खड्ड्यासकट जायचं आणि दाखवून यायचं.

तेवढ्यात जरा गोड. पाडव्याला गुढीला आपण गाठी घालतो, साखरेच्या. सागवानी साच्यात आधी दोरा ओढून ठेवतात, मग उकळता पाक ओततात. पाव तासात पाक दगड होतो, साचा उघडला की दोऱ्यावर ओळीने पांढऱ्या चकत्या. या माळेत कुणी एकही गाठ घातलेली नसते आणि नाव मात्र गाठी. पोरं दोरा चोखून संपवतात. यावर मनन करण्यासारखं मला काही सापडलं नाही, खाव्यात.

आता मांडीवरची सुतळी पुन्हा हातात घ्या. या वेळी तिच्याकडे बघायचं नाही. एक माणूस मनात आणा, ज्याच्याशी तुमचं काही अडलंय. फार मोठं नको. मोठं अडलेलं एका बैठकीत हाताळू नये. सातबाऱ्यावर पाच नावं आणि वाटपाचा तिढा असेल तर तो बाजूला ठेवा, तिथे मननाआधी मोजणी लागते. एखादा अबोला घ्या. एखादी अढी. फोन करायचा राहून गेला, मग उशीर झाला म्हणून केला नाही, मग आता काय करायचा, असं काहीतरी.

सोडवायचं नाहीये. फक्त चाचपायचं.

ही सुरगाठ आहे का? एखाद्याच टोकाला धरून ओढलं की सुटेल अशी? पुष्कळदा असते, आणि आपण ते टोक सोडून बाकी सगळीकडे नखं लावत बसतो. की निरगाठ? की सुताराची, म्हणजे तिथे एकेकाळी जिवंत काहीतरी होतं आणि आता लाकूड तिच्याभोवतीनंच वाढलंय? तसं असेल तर तिला फिरवून दुसऱ्या अंगाने जावं लागेल. की ही खिपूतली, लक्षात ठेवण्यासाठीच घातलेली? अशीही असते. काही माणसांनी काय केलं ते विसरू नये म्हणून घातलेली गाठ क्षमेच्या नावाखाली सोडून टाकली, तर पुढच्या वेळी पुन्हा फसायची पाळी येते. तसल्या गाठीला हात लावू नका, असंच मी सांगेन.

निरगाठ असेल तर बघा, टोक कोण ओढतंय. दोघं ओढत असाल. पण ढील द्यायला दोघं लागत नाहीत. एका बाजूने दोरी आत ढकलली तरी फेऱ्याला केसभर जागा होते. आणि वर कोणता फेरा आहे ते बघा. शूरंगम सूत्र नावाच्या बौद्ध ग्रंथात एक प्रसंग आहे. बुद्ध एका वस्त्राला एकामागून एक सहा गाठी मारतात आणि आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारतात, आता ही सोडवशील कशी? डावीकडून ओढून? उजवीकडून? आनंद म्हणतो, नाही, गाठीच्या मध्यात हात घालून. आणि सहाही एकदम सुटतील का? त्याचं उत्तर, की बांधल्या एकेक करून, सुटतीलही तशाच. भांडणात आपण नेमकं उलटं करतो. पहिल्या गाठीपासून सुरू करतो. लग्नात तुझी आई काय म्हणाली होती, तिथून. ती सगळ्यांत आत दबलेली, तिच्यावर पंचवीस वर्षांचे फेरे. वरचा फेरा परवाचा आहे, गॅसचं बिल कोणी भरायचं त्याचा. तो आधी. तो सुटला म्हणजे आतली सुटेल असं नाही, पण तिच्यापर्यंत बोट तरी पोचेल.

एवढं दिसलं तर पुरे. आज काही करू नका. सुतळी गुंडाळून डब्यात टाका, कामाला येते.

हे सगळं खेळ म्हणून शिकवायची आपल्याकडे एक सोय आहे. बऱ्याच घरांत लग्नानंतर वधू-वर एकमेकांच्या मनगटावरचं कंकण सोडतात, आणि अट अशी की एकाच हाताने. कंकणाला मुद्दाम निरगाठी मारलेल्या असतात. करवल्यांनी त्यात आदल्या रात्री जीव ओतलेला असतो. हळदीने दोरा कडक झालेला, वर लोकांची गर्दी, गुरुजींना पुढच्या कार्याची घाई. नवरदेव जोरात ओढतो, गाठ आवळते, सगळे हसतात. मग त्याला कळतं की समोरचं मनगट जरा पुढे आलं, स्थिर राहिलं, तरच काही जमणार आहे, आणि तो मान वर करून पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघतो. तोवर मागून कुणीतरी मावशी त्याच्या बोटांकडे निरखून म्हणते, "नखं कालच कापलीस ना रे? मग बस आता."